उंदरेस्ना फोटू

पोळ्याला घरी गेले होते. चार दिवसांची सुट्टी सांगून सहा दिवस राहिले, त्यावर लॅबमधे जे ऐकून घ्यायचं ते घेतलं, तो विषय वेगळा. ओसरीवर जिभाऊ बसलेले, पुढ्यात गेरूचा डबा, हिंगूळ, बेगड, आणि मागच्या खोलीतून खापरावरच्या पुरणपोळीचा वास. बैलांची एकच जोडी उरलीये आता, ती पण काकांच्या हट्टापायी, बाकी सगळं ट्रॅक्टरवर. जिभाऊ म्हणजे माझे आजोबा, अख्खं गाव जिभाऊ म्हणतं म्हणून आम्ही नातवंडं पण तेच म्हणतो. आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं की पोरगी पुण्याला करते काय, तर मी तोंड उघडायच्या आत जिभाऊच बोलले, "उंदरेस्ना फोटू काढस." आणि थांबून, "आनि त्याना पगार बी भेटस तिले."

सगळे हसले, मी पण हसले. खोटं काय आहे त्यात.

अमळनेरकडचं आमचं गाव, बोरी नदीपासून फार लांब नाही, एमएस्सी जळगावच्या विद्यापीठातून, आणि आता पुण्यात एका लॅबमधे कॅन्सरच्या औषधांवर काम. म्हणजे काय तर उंदराच्या अंगात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्याला नवीन औषध द्यायचं, आणि औषध लागू पडतंय की नाही हे उंदीर जिवंत असतानाच, त्याला न कापता, स्कॅन करून बघायचं. एवढंच. पण घरी दर वेळी हे सांगताना अर्ध्यातच कोणीतरी जेवायला बोलावतं, म्हणून एकदा इथे नीट लिहून टाकते, कारण या वर्षी त्याला एक कारण पण झालंय, ते पुढे येईल.

आधी उंदराबद्दल. मराठीत आपण माऊस पण उंदीर आणि रॅट पण उंदीर, मोठा असला की घूस म्हणून मोकळे होतो, पण माझा उंदीर म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचा, अंगावर केस नसलेला, गुलाबी, सुरकुतलेला न्यूड माऊस. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पण कसंतरीच झालं होतं. त्याला थायमस ग्रंथी नसते, त्यामुळे परक्या पेशींना ओळखून मारणाऱ्या टी पेशी तयार होत नाहीत, म्हणून माणसाच्या पेशी त्याच्या अंगात टोचल्या तरी त्याचं शरीर त्या हाकलून देत नाही. कातडीखाली टोचल्या की दोनतीन आठवड्यात हरभऱ्याएवढी गाठ येते.

आता औषध दिलं. गाठ कमी झाली का? तर सगळ्यात जुनी आणि अजूनही रोज चालणारी पद्धत म्हणजे कॅलिपर, तो लोखंडाच्या दुकानात मिळतो तसाच. लांबी मोजायची, रुंदी मोजायची, लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. समजा लांबी १० मिमी, रुंदी ८ मिमी, तर ३२० घन मिमी. आता माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी मोजलं आणि चिमटा जरा जास्त दाबला, रुंदी साडेसात आली, तर उत्तर २८१. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या चिमट्याने गाठ बारा टक्के कमी झाली, औषध न देता! पहिल्या वर्षी आमच्या लॅबमधे सोमवारी एक पोरगा मोजायचा आणि गुरुवारी मी, आणि आमच्या ग्राफमधे दर आठवड्याला गाठ एकदा फुगायची आणि एकदा आकसायची. दोन महिने आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो होतो, औषधाचं सायकल असेल म्हणे. शेवटी सरांनी दोघांना एकच उंदीर मोजायला लावला. असो.

पण चिमट्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. गाठीचा आकार हा फार उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. औषधाने आतल्या पेशी मरायला लागल्या तरी मेलेलं मटेरियल लगेच कुठे जात नाही, सूज येते, पाणी साठतं, कधीकधी गाठ उलट मोठी दिसते. माणसांमधे याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इमॅटिनिब हे औषध, पोटाच्या किंवा आतड्याच्या जिस्ट नावाच्या गाठींवर २००२ पासून अमेरिकेत मान्यता असलेलं. काही पेशंटमधे एका डोसनंतर २४ तासात पेट स्कॅनवर (गाठ साखर किती खाते ते दाखवणारा, पुढे येतोच) गाठ विझलेली दिसायची, आणि सीटी स्कॅनवर मात्र तीच गाठ कितीतरी आठवडे तशीच्या तशी. फक्त टेप लावून बघणाऱ्याने म्हटलं असतं की औषध फेल, बंद करा. डॉक्टर लोक जो नियम वापरतात तो रेसिस्ट, २००० साली आलेला आणि २००९ मधे सुधारलेला, त्यात गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर औषधाला अर्धवट का होईना प्रतिसाद आहे असं धरतात, २० टक्क्यांनी वाढली तर आजार पुढे सरकला. गोल गाठीचा व्यास ३० टक्के कमी होणं म्हणजे आकारमानात जवळपास ६५ टक्के घट. तेवढी वाट बघत बसायचं का, हा प्रश्न आहे.

हे मी काकांना कापसाच्या शेतात उभं राहून सांगितलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. गुलाबी बोंडअळी. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, आकाराने एकदम बरोबर, आणि फोडलं की आत अळी बसलेली. बोंडाचा आकार मोजून अळी कळणार नाही. मग शेतकरी काय करतो, कृषी खात्याने सांगितलंय तसं वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघतो, किती बोंडात अळी सापडली त्यावरून फवारणी ठरवतो. पण जे बोंड फोडलं ते गेलं. त्यातून पुढे कापूस येणार नाही, आणि त्याच बोंडात पुढच्या आठवड्यात काय झालं असतं ते पण कधीच कळणार नाही.

उंदरांच्या बाबतीत पण अनेक वर्षं हेच. पहिल्या आठवड्याला पाच मारा, दुसऱ्या आठवड्याला पाच, तिसऱ्याला पाच, गाठ काढा, काप घ्या, मायक्रोस्कोपखाली बघा. प्रत्येक आठवड्याचे उंदीर वेगळे. आणि उंदीर सगळे एका वाणाचे असले तरी गाठी एकसारख्या वाढत नाहीत, कोणाची भरभर, कोणाची रडतखडत. स्कॅनचा खरा फायदा इथे आहे, तोच उंदीर औषधाआधी, तोच तिसऱ्या दिवशी, तोच दहाव्या दिवशी, त्याची तुलना त्याच्याशीच. त्यामुळे उंदीर कमी लागतात. माझी माय आहे माळकरी, तिचा या सगळ्यावर एकच प्रश्न असतो, "त्यांचं पाप कोणाच्या माथी?" त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण एवढं सांगते तिला की वाटेल तसं करता येत नाही, आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे, प्रत्येक प्रयोग समितीसमोर जातो, किती उंदीर, का, दुसरा मार्ग नाही का, गाठ केवढी झाली की थांबायचं, वजन किती उतरलं की थांबायचं, सगळं आधी लिहून द्यावं लागतं. १९५९ मधे रसेल आणि बर्च या दोघा ब्रिटिशांनी मांडलेलं तत्त्व आहे, शक्य तिथे प्राणी वापरूच नका, वापरलेत तर कमीत कमी वापरा, आणि त्रास कमीत कमी द्या. माय ऐकून घेते. पटतं असं नाही.

बरं आता फोटोंवर येते.

सगळ्यात आवडता माझा काजव्यांचा. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाच्या तोंडावर झाडं लुकलुकतात ना, तशाच काजव्यातलं एंझाइम, ल्युसिफरेज. त्याचं जीन कॅन्सरच्या पेशीत घालून ठेवायचं, मग त्या पेशी उंदरात टोचायच्या. आता उंदराला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य पोटात टोचलं, वजनाच्या किलोमागे १५० मिलिग्रॅम या हिशोबाने, की ते रक्तातून गाठीपर्यंत जातं आणि तिथल्या पेशी चमकतात. पण जिवंत असतील तरच, कारण त्या उजेडाला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं, ऑक्सिजन लागतो, मेलेली पेशी काजवा होऊ शकत नाही. उजेड इतका मंद की डोळ्याला दिसतच नाही, उंदराला भूल देऊन काळ्याकुट्ट पेटीत ठेवायचं आणि वर उणे ९० अंशापर्यंत गार केलेला कॅमेरा तो उजेड मोजतो. पेपरात जी लाल-पिवळी-निळी चित्रं येतात ते रंग कॉम्प्युटरने दिलेले, उंदीर काय तसा रंगीत चमकत नाही. पहिल्यांदा मी पण फसले होते.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी फजिती झालीये. नवीन औषधाचा ग्रुप, चार नंबरचा उंदीर, मागच्या आठवड्यात मस्त चमकत होता आणि या आठवड्यात जवळपास काळा. बाकीचे पण थोडे उतरलेले, पण हा तर एकदम विझला. मी तर हवेतच. फोटो काढून ग्रुपवर टाकला, घरी मायला फोन केला की माय काहीतरी मोठं होतंय बहुतेक. सर आले, त्यांनी फोटो नीट बघितलासुद्धा नाही, सरळ पिंजऱ्यातून उंदीर उचलला, अंगठ्याने गाठ चाचपली, आणि म्हणाले, "अगं ही गाठ तर आहे तिथेच. उद्या परत टोच." दुसऱ्या दिवशी परत टोचलं. बारा मिनिटांनी उंदीर दिवाळीसारखा पेटला, मागच्या आठवड्यापेक्षा पण जास्त.

झालं काय होतं तर माझी सुई पोटाच्या पोकळीत न जाता आतड्यात गेली होती. ल्युसिफेरिन गाठीपर्यंत पोचलंच नाही, तर पेशी चमकणार कशाने? गाठ जिवंत होती, मी प्रश्नच नीट विचारला नव्हता. त्या रात्री मेसमधे जेवण गेलं नाही, आणि जास्त वाईट याचं वाटत होतं की तो उंदीर औषधाच्या ग्रुपमधला होता म्हणून मला शंकाच आली नाही, औषध न दिलेल्या ग्रुपमधला एखादा असा विझला असता तर मी लगेच म्हटलं असतं की काहीतरी चुकलंय. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या. एक म्हणजे एकच फोटो काढायचा नाही, टोचल्यापासून दर दोनतीन मिनिटांनी काढत राहायचं, उजेड चढतो, दहा-पंधरा मिनिटांच्या आसपास शिखर गाठतो, मग उतरतो, तो चढ-उतार दिसला तरच ते माप खरं. आणि दुसरी, फोटोतला हिशोब करताना कोणता उंदीर कोणत्या ग्रुपचा हे मला माहीतच नको, ते नंबर आता दुसरीच मुलगी सांभाळते.

त्यात अजून एक गंमत, काही औषधं गाठीचा रक्तपुरवठाच कापतात. मग सुई बरोबर बसली तरी ल्युसिफेरिन कमी पोचतं आणि उजेड कमी दिसतो, पेशी मात्र अजून जिवंत असू शकतात. म्हणजे विझली म्हणजे मेलीच असं नाही.

दुसरा फोटो पेटचा. याची सुरुवात १९२० च्या दशकातली, ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की कॅन्सरच्या गाठी साखर अधाशासारखी खातात. मग साखरेलाच किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चिकटवलं, त्याला एफडीजी म्हणतात, माणसाला ते पहिल्यांदा १९७६ मधे अमेरिकेत फिलाडेल्फियात दिलं गेलं. जिथे साखर जास्त खाल्ली जाते तिथे चमक. औषध लागू पडलं की गाठीची भूक आधी मरते, आकार नंतर कमी होतो, म्हणून हा आकाराच्या आधी बोलणारा साक्षीदार.

फ्लोरिन-१८ चं अर्धं आयुष्य ११० मिनिटं. म्हणजे सायक्लोट्रॉनवरून, जिथे तो बनतो त्या मशीनवरून, निघालेला माल दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, आणि वाटेत ट्रॅफिक लागलं तर तो काही थांबत नाही. एकदा गाडी दोन तास लेट आली, निम्म्यापेक्षा कमी उरलं होतं, आणि मी बारा उंदीर उपाशी ठेवून बसलेले. पैसे मात्र पूर्ण डोसचे. ड्रायव्हरदादा म्हणाले मॅडम सील तर पॅक आहे ना!

उपाशी का, तर पोट भरलेलं असेल तर साखर स्नायूंमधे आणि हृदयात जाते, गाठीच्या वाट्याला कमी येते. उंदीर चार तास उपाशी ठेवायचा म्हणजे नुसता दाणा काढून भागत नाही, हे प्राणी लबाड असतात, भुशाखाली एखादी गोळी लपवून ठेवतात, म्हणून पिंजराच बदलायचा. आणि ऊब. उंदीर लहान, एसीत पटकन गारठतो, गारठला की खांद्यांच्या मधली ब्राऊन फॅट शरीर तापवायला साखर जाळायला लागते, आणि स्कॅनवर पाठीत असा काही लखलखाट दिसतो की नवीन माणूस म्हणतो, अरे देवा, कॅन्सर पसरला! कॅलिफोर्नियात यूसीएलएच्या लोकांनी २००६ मधे हेच पद्धतशीर दाखवलं होतं, उपाशी ठेवा आणि उबेत ठेवा, मग गाठ स्वच्छ दिसते. उंदराला खरं तर तीस अंशाच्या आसपास बरं वाटतं, लॅब असते बावीसला. आमच्या भुसावळच्या मे महिन्यात हा प्रॉब्लेमच आला नसता, तिथे उंदराला काय, माणसाला पण ब्राऊन फॅटची गरज नाही.

एमआरआयचं थोडक्यात सांगते कारण त्या मशीनवर मला स्लॉटच मिळत नाही. पेशी दाटीवाटीने असल्या की त्यांच्यामधलं पाणी मोकळं हलू शकत नाही, पेशी मरून फुटल्या की पाण्याला जागा मिळते आणि ते सैरावैरा हलतं, एमआरआय ते हलणं मोजू शकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा आठवडी बाजार आणि दुसऱ्या दिवशीचा बाजार, तेवढा फरक. १९९० च्या दशकात मिशिगनमधे रॅटच्या मेंदूतल्या गाठींवर हे दाखवलं गेलं की गाठ लहान व्हायच्या आधी हा आकडा वाढतो. किरणोत्सर्ग नाही हा मोठा फायदा, कारण सीटी सारखासारखा केला तर त्याचाच डोस साठत जातो आणि मग गाठ औषधाने कमी झाली की एक्स-रेने, कोण सांगणार.

आता ते कारण.

आमची फुई, जिभाऊंची थोरली लेक, तिला गेल्या वर्षी लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. छातीत मोठी गाठ. नाशिकला ट्रीटमेंट, दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो. हातापायाला मुंग्या यायच्या तिच्या, साडीच्या निऱ्या घालता येईनात, त्याच्यावरच जास्त चिडायची. सहा झाल्यावर पेट स्कॅन सांगितला. सकाळी उपाशी या म्हटलेलं, बाई घरून निघताना अर्धा कप चहा पिऊन आली, भरपूर साखरेचा, आणि तिथे विचारल्यावर म्हणते, चहा म्हणजे काय जेवण शे का? परत पाठवलं, दोन दिवसांनी या. काका फोनवर तापलेले, मला मात्र भुशाखाली गोळी लपवणारा उंदीर आठवला, पण फुईला कोणत्या तोंडाने सांगणार.

मग रिपोर्ट आला. फॅमिलीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पीडीएफ पडला आणि कोणीतरी त्यातली एकच ओळ लाल गोल करून टाकली, छातीत तीन सेंटिमीटरची गाठ अजून शिल्लक. बास. सहा केमो, केस गेले, पैसे गेले, आणि गाठ आहेच. आत्याभावाने तर दुसऱ्या हॉस्पिटलची चौकशी पण सुरू केली. एक चुलत भाऊ विचारतो, यात एसयूव्ही लिहिलंय ते काय, गाडी? (ते चमकेचं माप असतं.) मी लॅबमधून बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून पूर्ण रिपोर्ट वाचला. खाली लिहिलेलं होतं डोव्हिल स्कोअर २.

हा स्कोअर फ्रान्समधल्या डोव्हिल गावात २००९ मधे झालेल्या बैठकीतून आला, एक ते पाच. गाठीची चमक छातीतल्या रक्ताच्या चमकेशी आणि लिव्हरच्या चमकेशी ताडून बघायची. दोन म्हणजे गाठीची चमक रक्तापेक्षा जास्त नाहीये. लिम्फोमात असं बऱ्याचदा होतं, पेशी मेल्या तरी मागे व्रणासारखी घट्ट गाठ राहते, आणि स्कोअर एक ते तीनमधे असेल तर गाठ दिसत असली तरी आजाराची चमक गेली असं धरतात. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, पण ती एक रात्र घरात कोणी जेवलं नाही.

जिभाऊंना फोनवर काही पटेना. "मंग गाठ कसाले शे आजून?" म्हणजे गाठ अजून का आहे. पोळ्याला घरी गेले तेव्हा पण तेच, सगळे पाहुणे गेल्यावर, हळू आवाजात, "बेटा, तू फोटू काढस ना, खरं सांग, गाठ कसाले शे?"

मी त्यांना घेऊन खळ्यापाशी गेले. शेजाऱ्यांच्या शेतात मागच्या वर्षीची पऱ्हाटी अजून उभी होती, उपटलीच नाही त्यांनी. म्हटलं जिभाऊ, लांबून बघा, ही पऱ्हाटी आणि आपला कापूस, उंचीला सारखंच की नाही. पण पाणी सोडलं तर कोण पिणार? हिरवं असेल ते पिणार, वाळलेलं नाही. फुईला साखरेचं पाणी सोडून बघितलं, गाठ प्यायलीच नाही. उभी आहे, पण वाळलीये.

जिभाऊ बराच वेळ पऱ्हाटीकडे बघत राहिले. मग एकदम, "पवळ्यानं बी तसंच व्हतं."

पवळ्या आमचा बैल. मी चौथीत असेन. त्याचं डावं शिंग हळूहळू कलायला लागलं, मान त्या बाजूला टाकायचा, गव्हाणीवर शिंग घासायचा, आणि मग एके दिवशी त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त. शिंगाचा कॅन्सर, आपल्याकडच्या बैलांमधे हा बऱ्यापैकी दिसतो, खच्ची केलेल्या, पाच ते दहा वर्षांच्या कामाच्या बैलात जास्त. शिंगाच्या आतली पोकळी नाकाकडच्या पोकळीला जोडलेली असते म्हणून रक्त नाकातून. शिंगं तासणं, ऑइलपेंट, कासऱ्याचा घासा, या सगळ्यावर संशय घेतला जातो, आणि तेव्हापासून जिभाऊ शिंगांना ऑइलपेंट लावू देत नाहीत, म्हणून तो गेरूचा डबा. डॉक्टरांनी गोठ्यातच भूल देऊन शिंग मुळापासून कापलं, आणि मग आठवड्याला एक असं इंजेक्शन, व्हिन्क्रिस्टिन. सदाफुलीपासून निघतं ते. फुईच्या सहाही केमोत तेच होतं, हातापायाच्या मुंग्या त्याच्याच. आमच्या तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुली बारा महिने फुललेली असते आणि तिला कोणी विचारत नाही.

मला एवढंच आठवत होतं की पवळ्या वाचला आणि एका शिंगाचा बैल म्हणून पोरं हसायची. जिभाऊ आत गेले, कपाटावरची पत्र्याची पेटी काढायला लावली, त्यात कापूस वेचणीच्या जुन्या वह्या. कोणी किती वेचला, किती किलो, किती पैसे. त्यातल्याच एका वहीच्या मागच्या पानांवर, उलटीकडून, पेन्सिलने. मोबाइलचा टॉर्च धरून वाचलं. त्यांच्या त्या शाळेच्या वळणाच्या मराठीत, रोजचं एक ओळ.

सोमवार. इंजेक्शन पैले. डावी नाकपुडी ओली, रक्त.
मंगळवार. ओली. कडबा अर्धा खाल्ला.
बुधवार. ओली, रक्त कमी.

असं रोज, एक दिवस न चुकता, तीन पानं. मधे एका ठिकाणी लिहिलंय, आज सकाळी पाहिले नाही, संध्याकाळी पाहिले, सकाळचे धरू नये. मी ती ओळ दोनदा वाचली. सरांनी मला जे शिकवायला दोन वर्षं घेतली ते.

शेवटच्या पानावर, शेवटच्या इंजेक्शननंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल, नाकपुडी कोरडी, मान सरळ, कडबा पूर्ण. आणि त्याखाली हिशोब परत सुरू, वेचणी, १४ किलो.

वहीच्या त्या पानांचे मी मोबाइलवर फोटो काढत होते तर जिभाऊ म्हणे, "आते बैलना बी फोटू?" म्हटलं हो. तर म्हणे मंग पवळ्याना काढाले पाहिजे व्हता, तवय कॅमेरा नव्हता आपलाकडे.